दार उघडे, वही बंद

इंटरनेटने कलाकाराला मोकळे केले, ही आज जवळजवळ सर्वमान्य झालेली समजूत आहे. ध्वनिमुद्रण कंपनी, आकाशवाणीची स्वरचाचणी, कॅसेटचा वितरक, चित्रपटाचा निर्माता हे मधले सगळे गेले. आता गाणाऱ्याने गावे, ऐकणाऱ्याने ऐकावे, असे आपण ऐकत आलो आहोत. या समजुतीला विरोध करणारेही पुष्कळ आहेत. दर्जा बुडाला, साधना संपली, सवंगपणा माजला, असे ते म्हणतात. मला हे दोन्ही पक्ष उथळ वाटतात, कारण दोघांनी एकच गोष्ट गृहीत धरली आहे: कलाकार आणि श्रोता यांच्यामध्ये आज कोणी नाही. एकाला त्याचा आनंद आहे, दुसऱ्याला खेद.

माझे म्हणणे असे आहे की मधला माणूस गेलेला नाही, त्याने फक्त जागा बदलली आहे. पूर्वी तो दारात बसून कोणाला आत घ्यायचे ते ठरवत असे. आज दार सताड उघडे आहे आणि तो आत हिशेबाची वही घेऊन बसला आहे. गाणे कोणापुढे ठेवायचे, किती जणांनी ऐकले असे धरायचे, त्याचे किती पैसे द्यायचे आणि ते कधी दिसेनासे करायचे, हे सगळे त्या वहीत ठरते. आणि ती वही ना गाणाऱ्याला पुरती वाचता येते, ना ऐकणाऱ्याला. कोणाला प्रसिद्ध होता येते, हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला आहे. हिशेब कोणाच्या हातात, हा प्रश्न मात्र आपण अजून नीट विचारलेलाच नाही.

तो विचारण्यासाठी मी चंदीगडचे उदाहरण घेतो. इंटरनेटने कलाकार मोकळा झाला या दाव्याला भारतात सर्वांत बळकट पुरावा कुठे मिळत असेल, तर तो या शहरात आणि त्याला लागून असलेल्या मोहालीत. जिथे दावा सर्वांत बळकट आहे, तिथेच तो तपासायला हवा.

१. लुधियानाच्या बसस्थानकापासून मोहालीपर्यंत

पंजाबी लोकप्रिय संगीताची जुनी केंद्रे लुधियाना आणि जालंधर. जालंधरला आकाशवाणी आणि दूरदर्शन होते. लुधियानात बसस्थानकाच्या आसपास गायकांची कार्यालये असत. लग्नकार्यासाठी गायक ठरवायला लोक तिथे येत. अमरसिंग चमकीला याच लुधियानाचा. ८ मार्च १९८८ रोजी मेहसमपूर गावात त्याची आणि त्याची सहगायिका अमरजोतची हत्या झाली, तोवर तो पंजाबातला सर्वांत मागणी असलेला गायक होता, आणि त्याचा आवाज लोकांपर्यंत पोहोचला तो एचएमव्हीच्या तबकड्यांतून आणि कॅसेटींतून.

पुढे या धंद्याचा मोठा भाग चंदीगड-मोहालीकडे सरकला. इथे स्टुडिओ आले, व्हिडिओ चित्रित करणारे आले, गायकांनी मोहालीत घरे केली. पंजाबी संगीताचे एक वैशिष्ट्य मराठी वाचकाने ध्यानात घ्यावे: ते चित्रपटावर जगत नाही. गाणे स्वतंत्रपणे जन्मते, व्हिडिओसह येते, आणि त्याचा मोठा श्रोतृवर्ग कॅनडा आणि इंग्लंडमध्ये आहे. भारतात यूट्यूब २००८ मध्ये आले आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने डेटा जवळजवळ फुकट वाटायला सुरुवात केली, तेव्हा या संगीताइतके सज्ज दुसरे कोणतेही प्रादेशिक संगीत नव्हते.

फळ लगेच दिसले. मानसा जिल्ह्यातल्या मूसा गावचा शुभदीपसिंग सिद्धू शिकायला कॅनडाला गेला आणि २०१७ मध्ये 'सो हाय' या गाण्याने सिद्धू मूसेवाला म्हणून ठाऊक झाला. सुरुवातीची गाणी दुसऱ्यांच्या कंपन्यांनी काढली. मग स्वतःचा चॅनेल, स्वतःची कंपनी, आणि २०२१ चा 'मूसटेप' हा अल्बम त्याने आपल्याच बळावर काढला. सप्टेंबर २०२० मध्ये एपी ढिल्लन आणि त्याच्या सोबत्यांनी कॅनडातून 'ब्राउन मुंडे' सोडले, तेही आपल्याच 'रन-अप रेकॉर्ड्स' या नावाने. २०२३ च्या एप्रिलमध्ये दिलजित दोसांझ अमेरिकेत कोचेला महोत्सवाच्या मंचावर पंजाबीत गायला. महाराष्ट्रातही मोजकी का होईना, पण उदाहरणे आहेत: जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडची 'गुलाबी साडी' २०२४ मध्ये कोणत्याही चित्रपटाच्या आधाराशिवाय देशभर वाजली.

हे यश खरे आहे आणि मी ते नाकारत नाही. पण मूसेवाला आणि ढिल्लन यांच्याकडे पाहून काढलेला निष्कर्ष तपासून घ्यावा लागतो.

२. साच्याचा प्रश्न जुना, साच्याचे हलणे नवे

तंत्रज्ञान कलेला आकार देते, हे सांगायला इंटरनेटची वाट पाहावी लागली नाही. ५ मे १९०१ रोजी कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. राजाश्रय सोडून लोकवर्गणीवर चालणारी ही संगीतशाळा पंजाबातच उभी राहिली, आणि पलुस्करांनी तिथे छापखाना घालून स्वरलिपीची पुस्तके छापली. छापलेल्या स्वरलिपीने गायकी घरोघर नेली, आणि गळ्यातून गळ्यात जाणारे पुष्कळ काही कागदावर न मावल्याने बाहेरही ठेवले. १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचे गाणे तबकडीसाठी मुद्रित केले; तेव्हापासून ख्यालाला तीनेक मिनिटांत बसावे लागले. अब्दुल करीम खाँ, केसरबाई केरकर या पिढीने ती मर्यादा स्वीकारून रागाचा अर्क काढण्याची नवी कला घडवली. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात गेलेले केसरबाईंचे 'जात कहाँ हो' ही त्याच छोट्या तबकडीची देणगी आहे.

यावरून कोणी म्हणेल की रीलचे तीस सेकंद हे तबकडीच्या तीन मिनिटांचेच पुढचे पाऊल आहे, कलाकार यातूनही वाट काढतील. इथे मला थांबावेसे वाटते, कारण ही तुलना मूळ फरकच झाकून टाकते. तबकडीची मर्यादा स्थिर होती, ती सर्वांना सारखी होती आणि उघड होती. तीन मिनिटे म्हणजे तीन मिनिटे: केसरबाईंना तितकीच आणि नवख्या गायिकेलाही तितकीच. अशा मर्यादेशी कलाकार झुंजू शकतो, तिच्यावर प्रभुत्व मिळवू शकतो, ती मोडण्याचा निर्णयही जाणूनबुजून घेऊ शकतो. आजची मर्यादा स्थिर नाही. कोणत्या गाण्याला पुढे करायचे याची रीत प्लॅटफॉर्म कधीही बदलतो आणि त्याची कारणे पुरती सांगत नाही. गेल्या वर्षी चाललेली चाल यंदा का चालली नाही, हे संगीतकाराला कळत नाही. आकडा पडला एवढेच कळते. मग तो अंदाज बांधतो. पहिल्या पाच सेकंदांत मुखडा, सुरुवातीचे संगीत गायब, दोन कडव्यांच्या जागी एक, नाचता येईल असा एखादा तुकडा. हे कोणी हुकूम देऊन करवून घेतलेले नसते. अदृश्य परीक्षकाला काय आवडेल याचा विचार करता करता कलाकार स्वतःच स्वतःचा परीक्षक होतो. दारातल्या मधल्या माणसाने गाणे नाकारले तरी ते कलाकाराच्या मनात अभंग राहत होते. वहीतला मधला माणूस गाणे तयार होण्याआधीच त्यात शिरतो.

याच चंदीगडमध्ये याच्या अगदी उलट घडलेली एक गोष्ट उभी आहे. सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक असलेल्या नेक चंद यांनी १९५७ च्या सुमारास शहराच्या कडेला जंगलाच्या जागेत टाकाऊ वस्तूंपासून मूर्ती घडवायला घेतल्या आणि सुमारे दीड तप त्या कोणाला कळू दिल्या नाहीत. कोणी पाहत नव्हते म्हणून त्या तशा घडल्या. १९७६ मध्ये रॉक गार्डन लोकांसाठी उघडले, तेव्हा त्यांची भाषा पक्की झाली होती. कलेला श्रोत्याआधी काही काळ एकांत लागतो. रोज मोजणी होत असेल तर तो मिळत नाही.

३. मोजणी कोण करते

लोक म्हणतात, आकडा तर खोटे बोलत नाही. जुलै २०१९ मध्ये याची चांगली परीक्षा झाली. चंदीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेल्या रॅपर बादशाहच्या 'पागल' या गाण्याला पहिल्या चोवीस तासांत साडेसात कोटी व्ह्यूज मिळाल्याचे जाहीर झाले. म्हणजे कोरियाच्या बीटीएस या गायकगटाचा जागतिक विक्रम मोडला. पण यूट्यूबने तो विक्रम मानला नाही. गाण्याच्या जाहिरातीसाठी पैसे मोजले होते आणि जाहिरात म्हणून दिसलेले व्ह्यूजही त्या संख्येत होते. त्यात बेकायदेशीर काही नव्हते. तोवर इतरही ते करत होते. सप्टेंबर २०१९ मध्ये यूट्यूबने नियमच बदलला: जाहिरातीतून मिळालेले व्ह्यूज यापुढे संगीताच्या क्रमवारीत धरले जाणार नाहीत.

नियम चांगल्यासाठीच बदलला असेल. मुद्दा असा की लोकांनी किती ऐकले याची व्याख्या एका कंपनीने केली आणि तिनेच ती बदलली. आकडा हे लोकमत आहे, असे आपण मानतो, पण त्या लोकमताची मतपत्रिका, मतपेटी आणि मतमोजणी एकाच खोलीत आहे.

पैशाचेही तसेच. स्पॉटिफायवर गाणे तीस सेकंद ऐकले की एक ऐकणे धरले जाते. म्हणजे दोन मिनिटांचे गाणे आणि चाळीस मिनिटांचा विलंबित ख्याल यांचे मोल हिशेबात एकच. जमा झालेली रक्कम एकत्र करून एकूण ऐकण्यांतल्या वाट्यानुसार वाटली जाते. तुम्ही महिनाभर फक्त मल्लिकार्जुन मन्सूर ऐकलेत, तरी तुमच्या वर्गणीचा मोठा भाग देशात सर्वाधिक वाजलेल्या गाण्यांकडे जातो. २०२४ पासून तर वर्षभरात हजारापेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणाला तिथे काहीच मिळत नाही. सारंगीच्या साथीने वीरगाथा गाणाऱ्या ढाडी जथ्याची एखादी दुर्मीळ गाथा आठशे जणांनी मन लावून ऐकली, तर या हिशेबात ती कोणीच ऐकली नाही.

४. पुसण्याचा अधिकार

आता सर्वांत गंभीर भाग. फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलन भरात असताना कंवर ग्रेवाल यांचे 'ऐलान' आणि हिम्मत संधू यांचे 'असी वड्डांगे' ही दोन गाणी यूट्यूबवर भारतात दिसेनाशी झाली. सरकारच्या कायदेशीर तक्रारीवरून काढले, एवढाच मजकूर त्या जागी उरला. २९ मे २०२२ रोजी मूसेवालाची हत्या झाली. २३ जून रोजी त्याचे सतलज-यमुना कालव्याच्या वादावरचे 'एसवायएल' निघाले आणि तीन दिवसांत तेही भारतात तसेच बंद झाले.

मूसेवालाच्या पुष्कळ गाण्यांतला बंदुकांचा बडेजाव मला आवडत नाही, आणि कालव्याबद्दल पंजाबने काय भूमिका घ्यावी हे सांगणारा मी कोण? पण इथे प्रश्न गाण्याच्या गुणाचा नाही. याच शहरातल्या पंजाब आणि हरयाणा उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये दारू, अमली पदार्थ आणि हिंसा यांचे उदात्तीकरण करणारी गाणी कार्यक्रमांतूनही वाजू नयेत, असा आदेश पोलिसांना दिला होता. तो आदेश मला अतिव्याप्त वाटतो. तरी तो छापलेला आहे, त्यावर न्यायमूर्तींची नावे आहेत, कारणे आहेत. तो वाचून मी त्याच्याशी वाद घालू शकतो, वरच्या न्यायालयात जाता येते. याउलट, ऑनलाइन मजकूर रोखण्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६९अ आहे, आणि त्याखालच्या २००९ च्या नियमांतला सोळावा नियम अशा आदेशांबाबत गुप्तता पाळायला सांगतो. तबकडी जप्त झाली तरी कोणाच्या तरी घरी एक प्रत उरत असे. प्लॅटफॉर्मवरचे गाणे आपल्याकडे कधीच नसते, आपल्याला फक्त ते दाखवले जात असते. दाखवणे थांबले की कलाकाराच्या हातात कागदही राहत नाही.

हे केवळ सरकारचे सामर्थ्य नव्हे. सरकारला आज हे सहज जमते, कारण सगळी गाणी दोन-चार कंपन्यांच्या कोठारात आली आहेत. जून २०२० च्या अखेरीस टिकटॉक बंद झाले तेव्हा खेड्यापाड्यांतल्या असंख्य हौशी कलावंतांचा प्रेक्षक एका रात्रीत गेला. बंदीचे कारण त्यांच्या कलेशी संबंधित नव्हतेच.

५. गाणे जाहिरात झाले

ऐकण्यातून पैसा येत नाही, मग येतो कुठून? डिसेंबर २०२४ मध्ये चंदीगडात ओळीने तीन शनिवारी तीन मोठे कार्यक्रम झाले: ७ तारखेला करण औजला, १४ ला दिलजित, २१ ला एपी ढिल्लन. सेक्टर ३४ च्या मैदानावरच्या आवाजाने आणि वाहतुकीने आसपासचे रहिवासी इतके हैराण झाले की प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि ढिल्लनचा कार्यक्रम सेक्टर २५ ला हलवावा लागला. हजारो रुपयांची तिकिटे, जगभरचे दौरे, कपड्यांचे ब्रँड: धंदा इथे आहे. फुकट वाजणारे गाणे त्याची जाहिरात आहे.

ज्याचा चेहरा मंचावर विकला जातो त्याला हे चालते. ज्याचा चेहरा नाही त्याचे काय? गीतकार, चाल बांधणारा, तुंबी वाजवणारा, ध्वनिमिश्रण करणारा, कॅमेरामन यांच्या नावाने कोणी मैदान भरत नाही. त्यांची कमाई ध्वनिमुद्रणाच्या उत्पन्नावरच अवलंबून असते, आणि ते उत्पन्नच जाहिरातखर्चात जमा झाले आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला समान वाटा अबाधित ठेवला. तो कंपनीला लिहूनही देता येत नाही. कायदा चांगला आहे. पण वाटा कशाचा, हे कळायला मूळ रकमेचा हिशेब लागतो, आणि तो पुन्हा त्याच बंद वहीत.

६. तीन आक्षेप

पहिला आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. दारातले जुने पहारेकरी कोण होते? बहुतेक उच्चजातीय, शहरी पुरुष. त्यांच्या अभिरुचीत न बसणाऱ्यांना त्यांनी पिढ्यानपिढ्या बाहेर ठेवले. जालंधरची गिन्नी माही गुरू रविदास आणि डॉ. आंबेडकर यांच्यावरची गाणी गाऊन यूट्यूबमुळे जगभर पोहोचली. जुन्या व्यवस्थेत तिला कोणी विचारले असते? महाराष्ट्राला हे समजावून सांगायला नको. विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे, आनंद शिंदे यांचा आवाज वस्त्यावस्त्यांत नेला तो कॅसेटने, प्रतिष्ठित सभागृहांनी नव्हे.

हे सगळे मान्य करूनच मी बोलतो आहे. दार पुन्हा बंद करा, असे मी कुठेही म्हटलेले नाही. उलट, ज्यांच्यासाठी दार आत्ताच उघडले त्यांनाच बंद वहीची झळ सर्वांत जास्त बसते. मूसेवालाचे एक गाणे गेले तरी वकील, चाहते, वृत्तवाहिन्या त्याच्या मागे होत्या. गिन्नी माहीच्या वाटेने येऊ पाहणाऱ्या एखाद्या अनाम मुलीचे गाणे कोणाच्या तरी सामूहिक तक्रारींमुळे दडपले गेले, तर त्याची बातमीही होणार नाही. कॅसेटने शिंदे-उमपांना जे दिले त्यात एक गोष्ट होती जी आज नाही: विकली गेलेली कॅसेट परत बोलावता येत नव्हती.

दुसरा आक्षेप: शेवटी निवड श्रोताच करतो. यावर एवढेच की श्रोता त्याच्यापुढे ठेवलेल्यांतून निवडतो. एक गाणे संपताच दुसरे आपोआप सुरू होते. ते कोणते असावे, हे त्याने ठरवलेले नसते.

तिसरा: हे सगळे खासगी कंपन्यांचे व्यवहार आहेत, पटत नसेल तर वापरू नका. एखाद्या भाषेचे जवळजवळ सगळे नवे संगीत ज्या दोन-चार ठिकाणी राहते, त्यांना केवळ खासगी दुकान म्हणता येत नाही. वीज आणि रेल्वे खासगी असोत वा सरकारी, त्यांच्या दरपत्रकावर समाज हक्क सांगतो.

७. आवाजाची मालकी, आणि मागण्या

यंत्राने आवाज हुबेहूब उठवायला सुरुवात केल्यापासून हिशेब कोणाच्या हातात या प्रश्नाला नवी धार आली आहे. मूसेवालाच्या मृत्यूनंतर त्याच्या यंत्रनिर्मित आवाजातली गाणी नेटवर फिरत राहिली. मृताला तक्रार करता येत नाही. जिवंतांना येते: जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंगच्या आवाजाची यंत्रनक्कल करायला मनाई केली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने आशा भोसले यांनाही तसेच संरक्षण दिले. न्यायालयाचा हा मार्ग स्वागतार्ह आहे. तो परवडणारे थोडे आहेत, ही त्याची उणीव. भटिंड्याच्या एखाद्या गायकाने किंवा परभणीच्या शाहिराने मुंबईच्या वरिष्ठ वकिलाची फी कुठून द्यावी?

म्हणून माझ्या मागण्या कलेच्या दर्जाबद्दल नाहीत, हिशेबाबद्दल आहेत. ऐकण्यांची मोजणी आणि रकमेची वाटणी यांचे दरवर्षी स्वतंत्र लेखापरीक्षण व्हावे आणि त्याचा अहवाल मराठीत, पंजाबीत, सर्व भाषांत उघड व्हावा. शिफारशीची रीत बदलली की कलाकारांना ती लेखी कळवली जावी. गाणे रोखण्याचा आदेश निघाला तर तो कारणांसह प्रसिद्ध व्हावा, कलाकाराची बाजू ऐकली जावी, आणि सोळाव्या नियमातली गुप्तता निदान कलाकृतींच्या बाबतीत काढून टाकावी. कलाकाराच्या आवाजाची नक्कल त्याच्या किंवा त्याच्या वारसांच्या लेखी संमतीविना करता येऊ नये, आणि त्यासाठी प्रत्येकाला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागू नये.

आणि एक सार्वजनिक संग्रह हवा. चंदीगडमध्ये १९५६ पासून प्राचीन कला केंद्र संगीत शिकवते आणि परीक्षा घेते. पंजाब विद्यापीठ आहे, सरकारी कला महाविद्यालय आहे. यांनी मिळून पंजाबीत निघणाऱ्या प्रत्येक गाण्याची एक प्रत कायद्याने जमा करून घ्यावी, जशी पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाकडे जाते. महाराष्ट्रात हेच काम मुंबई आणि पुण्याच्या विद्यापीठांना करता येईल, आणि त्याची सुरुवात कॅसेट-युगातल्या आंबेडकरी गाण्यांपासून व्हावी. त्या फिती अजून काही घरांत पडून आहेत आणि दर पावसाळ्यात थोड्या थोड्या खराब होत आहेत.